राहिलेली पदवी: भाचीला कानमंत्र

पोरी,

दोन लेकरं, शेतीवाडी आणि बारामती एमआयडीसीतली पाळी सांभाळून राहिलेली पदवी पुरी करायचं तू मनावर घेतलंस, याचा मला फार आनंद झालाय. आता उत्साहाच्या भरात आज रात्रीच मोबाइलवर चार कोर्सना नाव नोंदवशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. जरा दम खा आणि आधी हे वाच.

मोठ्या वयात शिकायची वाट आपल्याकडे जुनी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली उभं राहिलं ते 'ज्ञानगंगा घरोघरी' न्यायच्या ध्यासानं, आणि राम ताकवले सरांनी पहिले कुलगुरू म्हणून त्याची घडी बसवली. २०१७ मध्ये केंद्र सरकारचं 'स्वयं' पोर्टल आलं, २०२१ मध्ये श्रेयांकांची बँक आली. श्रेयांक म्हणजे सगळे ज्याला क्रेडिट म्हणतात ते. त्यामुळे आता काही विषय महाविद्यालयात आणि काही घरी बसून, असं करत पदवी जुळवता येते. सोय मोठी आहे, फक्त एक गोष्ट घट्ट धरून ठेव: तू शिकलेलं कोण मोजणार, हे शिकायला बसण्याआधी ठरलेलं असावं. माझे बाकीचे सगळे मंत्र याच एका गोष्टीच्या पोटातले आहेत.

१. पदवी आधी ठरव, कोर्स मागाहून शोध – कोर्स ढिगानं आहेत, पण पदवी देणारं विद्यापीठ एकच असतं आणि शेवटचा हिशेब त्याच्याच वहीत लागतो. दार ठरल्याशिवाय चपला काढू नयेत.

२. कुठल्या दारानं जायचं ते नोकरीच्या पाळीवरून ठरव. बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आहे, विद्या प्रतिष्ठानची महाविद्यालयं आहेत, इंदापुरातही महाविद्यालय आहे. पण नियमित प्रवेश घेतलास तर हजेरी लागणार. पाळी फिरती असेल तर मुक्त विद्यापीठ नाहीतर इग्नू बरं – तिथे रोज वर्गात बसावं लागत नाही, गृहपाठ आणि परीक्षा यांच्यावर गाडी चालते.

३. दूरस्थ पदवीला कुणी नाक मुरडलं तर तोंडानं भांडत बसू नकोस. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२० च्या नियमावलीतला बाविसावा नियम मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरतो. त्या पानाची छापील प्रत फायलीत ठेव – कागद दाखवला की आवाज चढवावा लागत नाही.

४. 'विद्यापीठाला मान्यता आहे' एवढ्यावर समाधान मानू नकोस. तू घेणार तोच अभ्यासक्रम, याच वर्षासाठी, यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ – मान्यता अभ्यासक्रमागणिक मिळते, आणि मागच्या वर्षीची यादी यंदा चालत नाही.

५. कायदा, नर्सिंग, फार्मसी, इंजिनिअरिंग यांची पदवी कुणी दूरस्थ पद्धतीनं देतो म्हणालं की पर्सची चेन लाव. २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या प्रवेशांपासून मानसशास्त्रासारखे आरोग्याशी जोडलेले विषयही यूजीसीनं दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणात बंद केलेत – असल्या पदवीवर घातलेली वर्षं परत मिळत नाहीत, फी तर नाहीच नाही.

६. 'घरबसल्या पदवी, परीक्षेचं टेन्शन नाही' अशी पाटी दिसली तर त्या जिन्यावर पाऊलही ठेवू नकोस. दूरस्थ शिक्षण फ्रँचायझीनं चालवायला बंदी आहे. फी विद्यापीठाच्या पोर्टलवरच भरायची आणि पावतीवर विद्यापीठाचंच नाव हवं. पावती नाही तिथे पदवी नाही.

७. प्रवेशाची शेवटची तारीख कळली की कालनिर्णयवर त्या तारखेच्या आठ दिवस आधी खूण कर. आपल्या भागात हे जास्तच लागतं. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते. बेलवाडीच्या रिंगणाला सगळा तालुका लोटतो, घरी पाहुणे असतात, रस्त्यावर एसटी सुटी होत नाही – आणि प्रवेशाचे दिवस नेमके त्याच्या मागेपुढेच येतात.

८. २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या करायला यूजीसीची परवानगी आहे, हे तुझ्या कानावर आलं असेलच. तू एकच कर – नियमाला चालतं ते घराला चालेलच असं नाही.

९. लग्नाआधी केलेलं एफ.वाय. बी.कॉम. वाया गेलं असं धरू नकोस, पण ते आपोआप जमा होईल अशी आशाही धरू नकोस. श्रेयांक बँकेत २०२१-२२ पासूनच्याच शिक्षणाची नोंद होते. त्याआधीची गुणपत्रिका घेऊन नव्या विद्यापीठाला सरळ विचार, थेट दुसऱ्या वर्षाला घेता का – विचारायला दोन ओळींचा अर्ज लागतो, न विचारता बसलीस तर अख्खं वर्ष लागतं.

१०. जुनं विद्यापीठ सोडून नव्यात जाणार असशील तर स्थलांतर प्रमाणपत्र आत्ताच मागून ठेव – ते मागायची वेळ आली म्हणजे प्रवेशाची मुदत नेमकी संपत आलेली असते.

११. तुझी धाकटी जाऊ दहावीला अडलीये, तिलाही हळूच ढकल. बाहेरून बसायला राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहे, नाहीतर एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळा आहे. तिथे एकदा नाव घातलं की पाच वर्षं मिळतात आणि सुटलेला विषय सुटलेलाच राहतो – एका वेळी एक-दोन विषय देऊनही ती पार होईल.

आता श्रेयांकांचं बघू. इथे भली भली हुशार माणसं गोंधळतात, म्हणून जरा सावकाश सांगते.

१२. तीन वर्षांच्या पदवीला साधारण १२० ते १३२ श्रेयांक लागतात, म्हणजे वर्षाला चाळीसच्या आसपास. वहीच्या पहिल्या पानावर तुझ्या अभ्यासक्रमाचा नेमका आकडा लिही आणि खाली दर सत्राला जमलेले मांडत जा – किती राहिले ते डोळ्यासमोर असलं की माणूस मध्येच सोडत नाही.

१३. श्रेयांक बँक म्हणजे आपल्या दूध डेअरीचं पासबुक समज. सकाळचं, संध्याकाळचं, सगळं त्यात चढतं. पण बिल डेअरीच काढते, पासबुक काढत नाही. तसं श्रेयांक बँकेत साठतात, पदवी विद्यापीठच देतं – म्हणून खात्यात आकडा दिसला की काम झालं असं समजू नकोस.

१४. सगळे श्रेयांक बाहेरून आणता येत नाहीत. पदवी ज्या संस्थेची, तिच्याकडे निम्मे तरी मिळवावे लागतात. आणि 'स्वयं'वरचे विषय एका सत्रातल्या विषयांच्या ४० टक्क्यांपर्यंतच धरता येतात. ही कमाल मर्यादा झाली, तुझं विद्यापीठ याहून कमीही ठेवू शकतं – त्यामुळे मैत्रिणीच्या विद्यापीठाचा नियम आपल्याला लावू नये.

१५. बँकेतले श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात. बाळंतपण, सासूबाईंचं आजारपण, बदली, मधे काहीही आलं तर ही मुदत आठव – थांबलीस तर कुणी रागवणार नाही, फक्त कुठवर थांबायचं ते माहीत असावं.

१६. नव्या शैक्षणिक धोरणाच्या पदवीत पहिल्या वर्षानंतर थांबलं तर प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं; त्यासाठी वरचे थोडे श्रेयांक मागतात. हा रस्ता ठाऊक असू दे – अडचणीत रिकाम्या हातानं परतावं लागत नाही.

१७. कुठलाही ऑनलाइन कोर्स घेण्याआधी महाविद्यालयाला लेखी विचार. तोंडी नाही, फोनवर नाही, 'सर हो म्हणाले होते' असंही नाही. अर्ज लांबलचक नको, एवढाच लिही: 'मी अमुक वर्षाची, अमुक अभ्यासक्रमाची विद्यार्थिनी. स्वयं पोर्टलवरील अमुक नावाचा, अमुक आठवड्यांचा, अमुक श्रेयांकांचा विषय या सत्रात घेऊ इच्छिते. तो माझ्या अभ्यासक्रमातील कोणत्या विषयाच्या जागी धरला जाईल आणि किती श्रेयांक मिळतील, हे कृपया लेखी कळवावे.' दोन प्रती ने, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घे – सर बदलतात, प्राचार्य बदलतात, शिक्का बदलत नाही.

या सतराव्या मंत्रावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे. लोक आधी चार महिने राबतात, चांगले गुण पाडतात, प्रमाणपत्र चौकटीत लावतात आणि मग महाविद्यालयात जाऊन विचारतात, हे धरणार का. तिथला बाबूही काही वाईट माणूस नसतो. त्याच्या यादीत तो विषयच नसतो, तो बिचारा काय करणार? आधी विचारणारी एकदा जाते, मागून विचारणारी दहादा.

१८. उत्तर यायला वेळ लागला तर चिडू नकोस, दर सोमवारी हसतमुखानं आठवण कर – खिडकीपलीकडच्या माणसाला आपलं नाव चांगल्या कारणानं लक्षात राहिलेलं बरं.

१९. 'स्वयं'च्या बाहेरचं काही घेणार असशील, कोर्सेरा म्हण, युडेमी म्हण, ते शिकण्यासाठी घे. एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र नोकरीच्या अर्जाला उपयोगी पडतं. पण यातलं काहीच पदवीच्या खात्यात आपोआप चढत नाही – तिथेही सतरावा मंत्रच लागू.

२०. पहिल्यांदा चार किंवा आठ आठवड्यांचाच विषय घे. बारा आठवड्यांचा घेतलास तर साधारण तीन श्रेयांक, आठचा दोन, चारचा एक – लहान विषयात पोर्टलची रीत अंगवळणी पडते आणि चुकलं तरी फार बिघडत नाही.

नावाची गोष्ट वेगळी काढून सांगते. आपल्या बायकांचं निम्मं अडतं ते इथेच.

२१. सगळी कागदपत्रं एका सतरंजीवर मांड: दहावीचं प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन, बँकेचं पासबुक. प्रत्येकावरचं नाव जसंच्या तसं एका कागदावर उतरव. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग तू, मग दादांचं नाव. आधारवर बहुधा तू, मग जावईबापूंचं नाव, मग सासरचं आडनाव. आणि इंग्रजीत कुठे शेवटी एक 'आय' तर कुठे डबल 'ई' – संगणकाला ही तीन बायकांची नावं वाटतात.

२२. प्रवेश कोणत्या नावानं होईल ते विद्यापीठाला विचार. बहुतेक दहावी-बारावीच्या कागदावरचंच धरतात. ते कळल्याशिवाय आधार केंद्राकडे धावू नकोस – आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं.

२३. आधारवर अजून माहेरचंच नाव असेल आणि बाकी कुठे अडत नसेल, तर पदवी होईपर्यंत ते तसंच राहू दे. सासूबाईंना नीट समजावून सांग – समजावलं की बहुतेक सासवा ऐकतात, आपणच भीतीनं बोलत नाही.

२४. नाव आधीच बदललं असेल तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र काढ आणि गरज पडली तर राजपत्रात नावबदलाची नोंद कर. दोन्हींच्या प्रती प्रत्येक अर्जाला जोड, कुणी मागो न मागो – नाव जुळलं की गाव जुळतं.

२५. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे आणि तो तुझ्याजवळच असतो, याची खात्री कर. कितीतरी घरांत बायकोच्या आधारला नवऱ्याचा नंबर असतो – ओटीपी रानात वाजतो आणि फॉर्म घरात अडतो.

२६. मग डिजीलॉकरमधून श्रेयांक बँकेचा बारा अंकी क्रमांक काढ; एबीसी आयडी म्हणतात तो हाच. दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी घेणार असशील तर त्याच्या आधारानं यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा डीईबी आयडीही काढावा लागतो, २०२४ पासून त्याच्याशिवाय तसा प्रवेशच होत नाही. दोन्ही क्रमांक वहीत लिही आणि मोबाइलमध्ये फोटो ठेव – एकाच जागी ठेवलेली वस्तू नेमकी त्याच दिवशी सापडत नाही.

२७. नेट कॅफेत किंवा ई-सेवा केंद्रात फॉर्म भरून घ्यायला काहीच हरकत नाही, ती मुलं भराभर काम करतात. पण मोबाइल नंबर आणि ईमेल तुझाच घालायला लाव आणि पासवर्ड तू स्वतः टाइप कर. घाईत तो पोरगा स्वतःचा नंबर टाकून मोकळा होतो. पुढच्या वर्षी दुकान उठलेलं असतं आणि तुझं हॉल तिकीट त्याच्या फोनवर गेलेलं असतं. त्याच्या मनात काही वाईट नसतं – फक्त चावी आपल्या कनवटीला असावी.

२८. 'सबमिट' दाबण्याआधी पडद्यावरचा फॉर्म वरपासून खालपर्यंत मोठ्यानं वाच, दुकानात चार माणसं असली तरी – डोळे ओळखीचा मजकूर गाळतात, कान गाळत नाहीत.

२९. पैसे कापले आणि पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नकोस. व्यवहार क्रमांकासकट स्क्रीनचा फोटो काढ, दोन-तीन दिवस थांब, मग मेल कर – घाईनं दोनदा भरलेली फी एकदाची परत मिळवायला महिने जातात. मुदतीच्या शेवटच्या दिवशी मात्र इतकं थांबता येत नाही, म्हणून सातवा मंत्र.

३०. 'स्वयं'वर विषयाला नाव नोंदवणं फुकट आहे, पण परीक्षेची नोंदणी वेगळी असते आणि तिची फी भरावी लागते. श्रेयांक परीक्षेचे मिळतात. नाव नोंदवल्याच्या आनंदात लोक हा दुसरा फॉर्म विसरतात – मग चार महिने शिकलेलं कागदावर येतच नाही.

३१. फेऱ्या दोन: जानेवारीची आणि जुलैची. जुलैच्या फेरीचे पेपर दिवाळीच्या मागेपुढे येतात आणि तेव्हाच छत्रपती, सोमेश्वर, माळेगाव, कर्मयोगी या कारखान्यांची धुराडी पेटतात. तुमचा ऊस तोडीला यायचा असेल तर त्या फेरीत एकच विषय घे – टोळी दारात आणि पेपर डोक्यात, असं एकाच आठवड्यात नको.

३२. 'स्वयं'वरचे एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटीवाल्यांचे, विषय घेतलेस तर गुणांची रीत समजून घे. आठवड्याच्या गृहपाठांना २५ आणि परीक्षेला ७५ गुण. पास व्हायला गृहपाठात १० आणि परीक्षेत ३० वेगवेगळे लागतात. बारा आठवड्यांच्या विषयात सगळ्यात चांगले आठ गृहपाठ धरतात, म्हणून एखादा आठवडा लेकराच्या तापात गेला तर रडत बसू नकोस – वाट तेवढ्यानं बंद होत नाही.

३३. गृहपाठ दोन दिवस आधी पाठव. मुदत रात्री ११.५९ ची असते, आणि साडेअकराला लाईट गेली की टॉवरही जातो – तुमच्या लासुर्ण्यात काय होतं ते मी तुला काय सांगू!

३४. विषय इंग्रजीत असला म्हणून घाबरून मागे फिरू नकोस. एनपीटीईएलच्या कितीतरी व्याख्यानांची मराठी भाषांतरं मिळतात, ती आधी वाच आणि मग इंग्रजी ऐक. पेपर कोणत्या भाषेत येणार ते मात्र नोंदणीआधीच बघून घे – ऐकलेलं कळणं वेगळं, लिहिलेलं कळणं वेगळं.

३५. अभ्यासाची वेळ नवी शोधू नकोस, आहे त्याच दिवसात हेर. रात्रीच्या लाइटीला जावईबापू पाणी द्यायला रानात जातात, लेकरं झोपलेली असतात, टीव्ही बंद असतो. तेवढा पाऊण तास तुझा. कंपनीच्या बसमध्ये बारामतीपर्यंत कानात व्याख्यान लाव, रात्री फक्त लिही – ऐकायला हात लागत नाहीत, लिहायला लागतात.

३६. व्याख्यानं घरी वायफायवर उतरवून ठेव – भवानीनगर ते जंक्शन या रस्त्याला नेटच्या भरवशावर बसू नये.

३७. घरच्यांना 'मी शिकतेय' असं मोघम सांगू नकोस, वेळ सांग. 'नऊ ते पावणेदहा' म्हटलं की त्या वेळात कुणी चहा मागत नाही. 'अभ्यास आहे' म्हटलं की दर पाच मिनिटांनी मागतात. ठरलेला वेळ सगळे पाळतात, उरलेला वेळ सगळे खातात.

३८. थोरल्या लेकीला शेजारी बसव, तिचा गृहपाठ आणि तुझा एकाच वेळी होऊ दे – एकमेकींकडे बघून दोघी उठायच्या नाहीत.

३९. बरोबरीची एक मैत्रीण शोध, त्याच विषयाची नसली तरी चालेल. रविवारी एकमेकींना फक्त एवढंच विचारा, 'या आठवड्याचं पाठवलंस का?' – समजूत घालणारे पुष्कळ भेटतात, विचारणारं एक माणूस पुरतं.

४०. पाळीची सुट्टी परीक्षेची तारीख आली त्याच दिवशी लेखी मागून ठेव, वेळापत्रकाची प्रत जोड. सुपरवायझरला आधीपासून सांगून ठेवलेलं असलं तर तो पाळी बदलून देतो – ऐनवेळी त्याचेही हात बांधलेले असतात.

४१. परीक्षा केंद्र निवडताना यादी पुरी खाली सरकवून बघ आणि घराजवळचं गाव पहिल्या पसंतीला टाक. पुणे आलंच तर आदल्या दिवशी माझ्याकडे हडपसरला ये. पहाटेची एसटी पकडून यवतजवळ वाहतुकीत अडकायची हौस नको. जेवण मी करीन, तू फक्त हॉल तिकीट आणि मूळ ओळखपत्र आण – झेरॉक्सवर दारातूनच परत पाठवतात.

४२. एखादा पेपर राहिला तर दोन दिवस वाईट वाटू दे, तिसऱ्या दिवशी पुन्हा नोंदणीची तारीख शोध. राहिलेला विषय राहिलेलाच असतो, गेलेला नसतो.

४३. निकाल लागला त्याच आठवड्यात डिजीलॉकर उघडून श्रेयांक खात्यात चढले का ते बघ. दिसले नाहीत तर महिनाभराची वाट बघ, मग निकालाची प्रत आणि सतराव्या मंत्रातला शिक्क्याचा अर्ज घेऊन महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात जा – नोंद करायचं काम संस्थेचं आहे, आठवण करायचं आपलं.

४४. महाविद्यालयाच्या गुणपत्रिकेवरही तो विषय उतरला पाहिजे. बँकेत आहे म्हणून निश्चिंत राहू नकोस – नोकरीच्या ठिकाणी बहुतेक वेळा गुणपत्रिकाच मागतात.

४५. शेवटच्या वर्षाचा निकाल लागला की पदवी प्रमाणपत्रासाठी वेगळा अर्ज आहे का ते लगेच विचार आणि असला तर मुदतीत भर. प्रमाणपत्र हातात पडलं की तिथेच उभं राहून तुझं नाव, दादांचं नाव, विषय आणि वर्ष अक्षर अक्षर तपास. चूक दिसली तर खिडकी सोडण्याआधी दुरुस्तीचा अर्ज दे, आणि त्याचीही पोच घे.

तुझी,
मावशी